स्लेट टर्की कॉलसाठी लाकडी स्ट्रायकर कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी आपली काही मंडळी वसंतात टर्की या रानपक्ष्याच्या मोसमात जंगलात जाऊ लागली आहेत. कोणी शिकारीचा परवाना काढून जातं, कोणी कॅमेरा घेऊन. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांत सगळ्यात जास्त प्रश्न पक्ष्याचा आवाज काढायच्या त्या सात-आठ इंची लाकडी काडीबद्दलचे, म्हणजे स्ट्रायकरबद्दलचे असतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. उत्तरं मुख्यतः स्लेटच्या कॉलपुरती आहेत. काचेचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे कॉल येतात ते अडल्यावरच.

1. स्लेट कॉल म्हणजे काय आणि त्यात स्ट्रायकर काय करतो?

लाकडाची किंवा प्लॅस्टिकची तळहाताएवढी गोल, उथळ वाटी असते, तिला पॉट म्हणतात. तिच्या तोंडावर स्लेटची, म्हणजे पाटीच्या दगडाची चकती चिकटवलेली असते. आत थोडी जागा सोडून काचेची किंवा स्लेटचीच दुसरी चकती असते आणि बुडाला आवाज बाहेर पडायला भोकं. वरच्या चकतीवर स्ट्रायकरचं टोक घासलं की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो. वसंतात नर जोडीदार शोधत फिरत असतात, म्हणून नक्कल मादीची करायची. रोजच्या वापरातले आवाज तीन: ‘येल्प’ म्हणजे दोन सुरांची हाक, ‘क्लक’ म्हणजे तुटक एकच टोला, आणि ‘पर्र’ म्हणजे चरताना चालणारी समाधानी घरघर.

2. काडीच्या लाकडाने आवाज खरंच बदलतो, की हे विकणाऱ्यांचं खूळ आहे?

बदलतो, आणि अगदी नवख्या कानालाही कळतो. लहानपणी पाटीवर पेन्सिल उभी धरून ओढली की जी किंकाळी निघायची, तिच्यामागे जे घडतं तेच इथे घडतं. टोक दगडाला क्षणभर चिकटतं, दाब वाढला की सुटून पुढे सरकतं, पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. त्या थरथरीने चकती आणि काडी दोन्ही कापू लागतात आणि वाटीतली हवा तो आवाज मोठा करते. टोक किती घट्ट चिकटतं आणि किती सहज सुटतं, हे लाकडाच्या पोतावर ठरतं. काडी स्वतः किती थरथरते, हे तिच्या घनतेवर, जाडीवर आणि वजनावर.

म्हणून ‘हा स्ट्रायकर चांगला आहे’ या वाक्याला एकट्याने अर्थ नाही. कुठल्या पॉटवर चांगला, हे विचारावं लागतं. तुमच्या पॉटवर गोड वाजणारी काडी शेजाऱ्याच्या पॉटवर निव्वळ कर्कश वाजू शकते. पुढची सगळी उत्तरं ही एक गोष्ट धरून वाचा.

3. मी अगदी नवीन आहे. स्लेटसाठी एकच काडी घ्यायची तर कुठली?

हिकरी. हे अमेरिकी लाकूड कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांसाठी पिढ्यानपिढ्या वापरलं जातं. कडक आहे, पण फार नाही, आणि त्याचा पोत थोडा खरखरीत असल्याने टोक दगड छान धरतं. स्लेटवर हिकरीचा येल्प मध्यम उंचीचा निघतो, शेवटी जरा घोगरा होतो, आणि हात थोडा चुकला तरी सूर फाटत नाही. पॉटसोबत आलेली काडी बहुतेकदा हिकरीची किंवा मेपलची असते. ती आधी नीट वाजवून पाहा, कदाचित काहीच विकत घ्यावं लागणार नाही.

4. लाकूड जितकं कडक तितका आवाज उंच, हा नियम बरोबर आहे का?

ढोबळ दिशा म्हणून बरोबर, नियम म्हणून नाही. लाकडाचा कडकपणा मोजायची जान्का नावाची चाचणी आहे. तीत पोलादाची गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती पौंड जोर लागतो ते पाहतात. रेड सीडार 900 च्या आसपास, चेरी 950, काळा अक्रोड म्हणजे ब्लॅक वॉलनट 1,010, हार्ड मेपल 1,450, हिकरी 1,800 च्या पुढे. तिथून वर शिसवी 2,440, पर्पलहार्ट 2,520, ओसेज ऑरेंज 2,600 च्या घरात, इपे 3,500, आणि सगळ्यांच्या वर लिग्नम व्हायटी, सुमारे 4,400.

या यादीत खालून वर गेलात की आवाज सर्वसाधारणपणे मऊ आणि दबक्याकडून टोकदार, मोठा, खणखणीत होत जातो. सीडार आणि अक्रोड स्लेटवर इतके हळू बोलतात की पहाटे झाडावर बसलेल्या पक्ष्यासाठी ते उत्तम. उजाडल्यावर वारा सुटला की त्यांचा उपयोग फारसा उरत नाही. मेपल स्वच्छ वाजतो, माझ्या कानाला जरा जास्तच स्वच्छ. जुन्या, अनुभवी मादीच्या आवाजात जी खरखर असते ती मेपलमधून काढायला मेहनत पडते. पर्पलहार्टमध्ये पुढचा उंच सूर धारदार येतो आणि मग तो खाली पटकन मोडतो. ज्यांना एक मऊ आणि एक तेज अशी जोडी हवी आहे, त्यांना मी हिकरी आणि पर्पलहार्ट सुचवतो. ओसेज ऑरेंज जवळपास तसंच, पण थोडं रांगडं. पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं झाड. जुन्या गोल्फ स्टिकांची डोकी याचीच असत. त्याची काडी मिळाली तर सोडू नका, स्लेटवर ती फार छान बसते.

इपे आणि लिग्नम व्हायटीबद्दल माझं मत वेगळं आहे. स्लेट हा मुळात मऊ दगड. त्यावर इतकं कडक आणि तेलकट लाकूड घासलं की टोक धरण्याऐवजी घसरू लागतं. काचेवर ही लाकडं शोभतात. स्लेटवर ती वाजवणारे लोक आहेत, पण त्यांचा हात तयार असतो.

आता नियम कुठे मोडतो ते. एकाच फळीतून कातलेल्या दोन काड्या वेगळ्या वाजतात, कारण रेषा आणि घनता इंचाइंचाला बदलते. टोकाचा आकार तर लाकडाच्या नावापेक्षा जास्त फरक पाडतो (पाहा प्रश्न 5).

5. टोक बारीक घ्यायचं की जाड? लांबी किती असावी?

बारीक टोकाचा आवाज उंच, जाड टोकाचा खालचा. स्लेटसाठी साधारण पाव इंच, म्हणजे 6 ते 7 मिलिमीटर व्यासाचं टोक मधलं समजा. काही काड्यांचं टोक खाली कर्ण्यासारखं पसरतं, तिथे वजन जमा होतं आणि आवाजाला भारदस्तपणा येतो. सरळ टोकाच्या काडीने पर्र काढणं सोपं जातं.

घेताना टोकाचा तळ नीट पाहा. तो हलका घुमटाकार हवा. अगदी सपाट असेल तर कडेची धार दगडात अडकते आणि मधूनच किंचाळी निघते. टोकदार असेल तर दगडावर चरे पडतात. थोडा सपाट असेल तर घरी सँडपेपरने गोलाई देता येते, तेवढ्यासाठी काडी नाकारू नका.

लांबी बहुतेकांची 7 ते 9 इंच असते. पेन धरतो तसं धरायचं असल्यामुळे डोक्याचं, म्हणजे काडीच्या वरच्या जाड भागाचं वजन महत्त्वाचं. डोकं फार जड असेल तर आवाज दबतो आणि लहान हाताला काडी सांभाळत नाही. बोटं टोकाजवळ घेतलीत तर सूर वर जातो, मागे सरकवलीत तर खाली येतो आणि खरखर वाढते. नवी काडी घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहा.

6. अखंड एका लाकडाची काडी बरी की दांडी वेगळी आणि डोकं वेगळं अशी?

दोन्ही चालतात. अखंड काडीत थरथर सलग जाते असं अनेक कारागीर मानतात. दोन तुकड्यांच्या काडीत दांडीचं लाकूड आवाजासाठी आणि डोक्याचं वजनासाठी किंवा दिसण्यासाठी निवडता येतं. जोड मात्र पक्का हवा. डोकं एका हातात, दांडी दुसऱ्या हातात धरून हळूच पिळा. किंचितही हललं तर ती काडी वाजताना बझ करणार. जुन्या घरगुती काड्यांना मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचं डोकं असे. हलकं, हातात न घसरणारं, आणि आजही कुठेकुठे विकत मिळतं.

7. दुकानात चार काड्या समोर आहेत. निवडायची कशी?

स्वतःचा पॉट सोबत न्या. दुकानातल्या पॉटवर केलेली निवड घरी आल्यावर पुष्कळदा फसते. कारण प्रश्न 2 मध्ये आलंय.

पॉट तळहातावर सपाट ठेवू नका, बोटांच्या टोकांवर उचलून धरा, म्हणजे खालची भोकं मोकळी राहतात. काडी थोडी तिरकी धरा, टोक चकतीच्या मध्याच्या आणि कडेच्या बरोबर मधे टेकवा. लहानसा लंबगोल काढत तीन-चार येल्प करा. प्रत्येक येल्पमध्ये दोन भाग ऐकू यायला हवेत: आधी उंच, स्पष्ट सूर, आणि मग तो मोडून खालच्या घोगऱ्या सुरावर येणं. हे मोडणं जिथे सहज होतं ती काडी बाजूला ठेवा. जिथे दोन सूर मधला सांधा ऐकू यावा इतके वेगळे पडतात, किंवा एकच सूर लांबतो, ती परत द्या.

बाजूला काढलेल्यांवर पर्र करून पाहा. काडीच्या वजनाशिवाय जास्त दाब न देता टोक एका रेषेत अगदी सावकाश ओढायचं. चांगल्या काडीतून थेंबाथेंबाने पडल्यासारखी अखंड घरघर निघते. मधे ती तुटत असेल तर टोक तरी खराब आहे, नाहीतर त्या लाकडाचं आणि तुमच्या दगडाचं जुळत नाही. येल्प मोठ्याने काढून भाव खाणाऱ्या काड्या पुष्कळ मिळतात, पण पक्षी चाळीस यार्डांवर येऊन थबकला की उपयोगी पडतं ते पर्र.

ऑनलाइन घेत असाल तर परत घेणारा विक्रेता शोधा, किंवा तीन वेगळ्या लाकडांचा संच घ्या.

8. स्लेट आणि काडीचं टोक घासून खरखरीत कसं आणि किती करायचं?

स्लेटसाठी भांडी घासायची हिरवी स्कॉच-ब्राइट किंवा तिचा लालसर तपकिरी प्रकार पुरतो. एकाच दिशेने, हलक्या हाताने, चकाकी जाऊन दगड फिका राखाडी दिसेपर्यंत. मग धूळ फुंकून टाका. बोटाने पुसू नका, बोटाचा तेलकटपणा दगडात मुरतो आणि तेवढा भाग मुका होतो. वाजवताना काडी त्या घासल्याच्या रेषांना आडवी न्या.

काडीचं टोक उजेडात फिरवून पाहा. चकचकीत ठिपका दिसला तर तिथे स्लेटची पूड दाबून बसली आहे. 150 नंबरच्या आसपासच्या सँडपेपरवर टोक उभं धरून दोन-तीन हलके फेरे द्या, बस. काही जण उत्साहाने प्रत्येक हाकेआधी घासतात. त्याने टोकाची गोलाई जाते आणि आवाज दर आठवड्याला बदलत राहतो. घसरू लागली की घासा, एरवी हात लावू नका.

9. नवीन काडी घसरते किंवा किंचाळते. खराब माल आहे का?

बहुतेक वेळा नाही. घसरत असेल तर टोकावर कारखान्यातलं पॉलिश किंवा सीलर राहिलेलं असतं. शेवटचा इंचभर भाग कोरडा, बिनापॉलिशचा हवा. प्रश्न 8 प्रमाणे घासून तो काढा. किंचाळत असेल तर तीन गोष्टी क्रमाने तपासा: तुम्ही फार दाबताय का, चकतीच्या अगदी कडेला वाजवताय का, आणि टोक सपाट आहे का. कडेकडे सूर चढतो, मध्याकडे उतरतो. प्रत्येक पॉटवर एक-दोन जागा अशा असतात जिथे आवाज सगळ्यात खरा निघतो. ती जागा सापडली की वाटीच्या कडेवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

10. बॉक्स कॉलला खडू लावतात, तसा स्लेटला किंवा काडीला लावू का?

नको. खडू बॉक्स कॉलच्या लाकडावर लाकूड घासण्यासाठी असतो. तो 1897 साली आर्कान्सातल्या हेन्री गिब्सन यांनी पेटंट केलेला वेगळा प्रकार. स्लेटच्या छिद्रांत खडू भरला की दगडाची पकडच जाते. चुकून लावला असेल तर स्कॉच-ब्राइटने पूर्ण निघेपर्यंत घासा.

11. पावसात काय करायचं?

ओली स्लेट वाजत नाही, मग काडी कुठलीही असो. लाकडाचं टोकही पाणी पिऊन फुगतं. पॉट आणि काडी वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एप्रिलसारखं बेभरवशाचं हवामान असेल तर काचेचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पॉट आणि कार्बनची किंवा अ‍ॅक्रिलिकची काडी जोडीला घ्या. भिजलेली काडी कापडाने टिपून सावलीत वाळू द्या आणि मग टोक घासा. गाडीच्या हीटरवर ठेवू नका. जोड सुटतात, दांडी वाकते.

12. स्लेटची काडी काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पॉटवर चालेल का?

चालते, फक्त समीकरण बदलतं. काच स्लेटपेक्षा खूप कडक, म्हणून तिला 80 ते 100 च्या जाड सँडपेपरने खरखरीत करावं लागतं आणि पर्पलहार्ट, ओसेज, इपे यांसारखी लाकडं तिथे अधिक खुलतात. हिकरी काचेवरही बऱ्यापैकी वाजते. उलट दिशेने जपून: काचेवर वापरून धारदार झालेलं टोक स्लेटवर चरे पाडतं. दोन्हींसाठी एकच काडी असेल तर पॉट बदलताना टोक पाहत जा.

13. डायमंडवूड नावाची रंगीत काडी मिळते. हे कुठलं झाड?

झाड नाही. बर्चच्या पातळ पापुद्र्यांना रंग देऊन, राळेत भिजवून, दाबाखाली चिकटवलेलं ते मिश्र लाकूड आहे. ओलाव्याने फारसं फुगत नाही आणि एकाच आकाराच्या दोन काड्यांत फरक कमी पडतो, म्हणून स्पर्धेत वाजवणाऱ्यांना ते आवडतं. व्हरमाँटमधल्या रटलंडचा, हे बनवणारा मूळ कारखाना 2014 साली जळाला. आज त्या नावाने विकलं जाणारं सगळं त्याच कारखान्याचं असतं असं समजू नका.

रंगाबद्दल एक इशारा. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. शिकारीच्या जंगलात या रंगाची वस्तू हातात हलत राहिली तर दुसऱ्या शिकाऱ्याला भलताच भास होऊ शकतो. काडी तपकिरी किंवा हिरवी घ्या.

14. एकूण किती काड्या बाळगाव्यात?

जंगलात तीन. एक मऊ बोलणारी, एक मधली, एक तेज. कळपात सगळ्या माद्या एका सुरात बोलत नाहीत. काडी बदलली की त्याच पॉटमधून दुसरी मादी बोलू लागते, आणि अडून बसलेला नर कधीकधी एवढ्यावरच हलतो. टेक्सास-ओक्लाहोमाच्या वाऱ्यात, उघड्या माळावर रिओ ग्रँड जातीच्या टर्कीमागे जात असाल तर तेज काडी आधी काढा. पूर्वेकडच्या दाट जंगलात मऊ. खिशात पॉट आणि काडी एकत्र ठेवू नका, चालताना घासून भलत्या वेळी क्लक निघतो.

15. मी शिकार करत नाही, फोटो काढतो. मग हे सगळं मला लागू आहे का?

काडीबद्दलचं सगळं लागू आहे. न्यू जर्सीतल्या वाचकांना तर फार लांबही जावं लागत नाही. तिथून रानटी टर्की पूर्णपणे नाहीशी झाली होती. 1977 मध्ये राज्याच्या वन्यजीव खात्याने नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या मदतीने 22 पक्षी सोडले आणि आज ती राज्यभर दिसते. पण मोसम चालू असताना मादीचा आवाज काढणं म्हणजे जवळपासच्या शिकाऱ्यांनाही बोलावणं. पाठ मोठ्या झाडाला टेकून बसा, कोणी येताना दिसलं तर हात न हलवता मोठ्याने माणसासारखं बोला. नर जवळ आला की हाका थांबवा. विणीच्या दिवसांत त्याला उगाच फिरवत ठेवू नये.

16. घरी लेथ आहे. स्वतः कातायची असेल तर?

रेषा दांडीच्या लांबीला समांतर असलेला, पूर्ण वाळलेला तुकडा घ्या. रेषा तिरकी असेल तर दांडी कातताना किंवा पहिल्याच मोसमात मोडते. टोक हवं त्यापेक्षा थोडं जाड आणि दांडी थोडी लांब ठेवा, मग पॉटवर वाजवत वाजवत उतरवत न्या. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. डोक्याला तेल, लाख, काय हवं ते लावा, टोक कोरं ठेवा. कोकोबोलो आणि शिसवीच्या जातीच्या लाकडांच्या भुशाने अनेकांना अंगावर पुरळ आणि श्वासाचा त्रास होतो, तेव्हा मास्क हवाच.

17. गावाकडच्या घरात शिसवीचा जुना वासा पडून आहे. त्याचा तुकडा अमेरिकेत आणून काडी केली तर?

लाकूड म्हणून उत्तम. शिसवी स्लेटवर गोल, थोडा गडद सूर देते, आणि जुनं, मुरलेलं लाकूड असेल तर अधिकच. अडचण कायद्याची आहे. शिसवी, शिसम, कोकोबोलो ही सगळी डाल्बर्जिया कुळातली. 2 जानेवारी 2017 पासून हे सबंध कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ब्राझीलची शिसवी तर त्याही आधीपासून, 1992 पासून, पहिल्या परिशिष्टात. दुसऱ्या परिशिष्टातल्या लाकडाच्या तयार वस्तूंना एका खेपेत 10 किलोपर्यंत सूट आहे, पण वाशाचा कापलेला तुकडा तयार वस्तू ठरत नाही. म्हणजे गावातल्या सुताराकडून किंवा कातारीकडून काडी पूर्ण करून आणलीत तर मार्ग सोपा, ठोकळा आणलात तर अवघड. पूर्ण काडी आणतानाही अमेरिकेत उतरल्यावर कस्टमच्या अर्जावर लाकडी वस्तू म्हणून नोंद करा, साल आणि किडीची भोकं अजिबात नसू द्या, आणि कातारीला टोकावर लाख चढवू नको म्हणून बजावून सांगा, नाहीतर ती प्रश्न 9 प्रमाणे घासून काढावी लागेल.